पंधरा अंश, माझ्या टिल्टमीटरवर

१ एप्रिल. सकाळी ६.४०

आज सगळं जग एकमेकांना मूर्ख बनवण्यात गुंतलंय आणि मी कामाची वही उघडून बसलोय. यातच काय ते समजा.

निवृत्त होऊन आठ महिने झाले. आठ महिन्यांत मला कोणी एकही अवघड प्रश्न विचारला नाही. दूध संपलंय का, एवढाच. काल विचारला गेला.

वीज कंपनी रस्त्याखालून नवी केबल टाकतेय. महिनाभर सकाळी सहा ते संध्याकाळी सात वीज बंद. आणि हिला नेमकी याच महिन्यात ऑर्डर मिळालीय. जावई ज्या शाळेत शिकवतात तिथं नवं सभागृह झालंय, त्याच्या रंगमंचाचे बारा पडदे. काळी मखमल, एकेक पडदा चार मीटर उंच. पंचवीस वर्षं गल्लीतल्या बायकांच्या बाह्या उसवून परत लावणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कोणी लेटरहेडवर पत्र पाठवलं. ते तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. पडदे द्यायची तारीख २५ एप्रिल.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पायानं मशीन मारायला डॉक्टरांनी बंदी घातलीय, म्हणून मोटर. मोटरला वीज हवी. संध्याकाळी वीज येते, पण काळ्या मखमलीवर काळा दोरा दिव्याखाली दिसत नाही. दिवसाच शिवायला हवं. थोडक्यात, गाडी अडली.

मी म्हटलं, काळजी सोड. गच्चीवर सोलर पॅनेल बसवतो, खाली बॅटरी. तुझं मशीन सूर्य चालवेल.

ती म्हणाली, जावई म्हणत होते, त्यांच्या ओळखीचा एक जण दोन तासांत बसवून देतो.

दोन तासांत! दोन तासांत धड खिळा बसत नाही.

संकल्प: १) सगळं स्वतः करायचं. २) कोणावर ओरडायचं नाही. ३) दुपारची झोप बंद.

२ एप्रिल. दुपारी ३.३०

(झोप उद्यापासून बंद.)

जावई येऊन गेले. भूगोलाचे शिक्षक. आयुष्यात फळ्याच्या वरच्या कडेपेक्षा उंच चढलेला माणूस नव्हे. मला म्हणाले, बाबा, टिल्ट महत्त्वाचा. पॅनेल किती कलतं ठेवायचं ते अक्षांशावरून ठरतं. आपलं गाव पंधरा अंशांवर, म्हणजे टिल्ट पंधरा.

मला टिल्ट शिकवतात! एकतीस वर्षं मोबाइलच्या टॉवरवर अँटेना बसवल्या मी. अँटेना सरळ उभी, की टिल्ट शून्य. दोन अंश झुकवली की सिग्नल पलीकडच्या चौकात, चार अंश झुकवली की अलीकडच्या. एक अंश चुकला की अख्खी आळी खिडकीत उभी राहून हॅलो हॅलो करते. साठ मीटरवर, वाऱ्यात, एका हातानं पाना फिरवत हे केलंय. निरोपाच्या समारंभात ऑफिसनं माझाच जुना टिल्टमीटर पितळी डबीत घालून दिला तो काय उगाच?

तरी मनाचा मोठेपणा दाखवला. म्हटलं, पंधरा तर पंधरा. आकडा मान्य आहे.

जावई खूश. अशा लोकांना आकडा दिला की ते खूश होतात.

३ एप्रिल. सकाळी ८

पॅनेल आलं, आणि फक्त त्याच्यावरच भरणारी बॅटरी. सोबत माहितीपुस्तक. ज्याला काम येत नाही त्याच्यासाठी पुस्तक असतं. फेकलं नाही, टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली ठेवलं. पुस्तकाचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

स्टँडचे मागचे पाय इतके बुटके, की स्टुलालाही लाज वाटावी. कंपनीनं लोखंड वाचवलंय, दुसरं काय. माझ्या जुन्या पाइपातून लांब पाय कापून घेतले. बुटके पाय माळ्यावर.

ही शिवणाच्या खोलीत जमिनीवर बसून मखमल कापत होती. मान वर न करता म्हणाली, अहो, पंधरा अंश म्हणजे कुठून पंधरा?

मी म्हटलं, कुठून म्हणजे?

म्हणाली, उभ्यापासून, की आडव्यापासून? मी उरेब पट्टी काढते तेव्हा आधी कापडाचा काठ धरते, मग तिरकी कात्री घालते. काठच धरला नाही तर तिरकं कशाच्या मानानं तिरकं?

हसू आलं. कापडाची अक्कल लोखंडाला लावते. मी प्रेमानं समजावलं, की अंश म्हणजे अंश, तो जगात कुठंही गेलं तरी अंशच असतो. ती पुन्हा कात्री चालवू लागली. पटलं असावं.

४ एप्रिल. सकाळी ११.२०

बसवलं! टिल्टमीटर पॅनेलच्या पाठीला चिकटवला, जसा एकतीस वर्षं अँटेनाच्या पाठीला चिकटवला. आधी पॅनेल सरळ उभं केलं: काटा शून्यावर. मग मागे कलवत गेलो. पाच. दहा. पंधरा. पिना ठोकल्या, नट आवळले. हात अजून विसरलेले नाहीत. डोळे भरून आले, पण ते घामामुळे.

लांबून पाहिलं. काय रुबाब! ताठ, बाणेदार. जरा मागे रेललेलं, जसा मोठा माणूस फोटोला उभा राहतो.

खाली येऊन बटण दाबलं. मशीन घुर्र करून सुरू झालं. हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

४ एप्रिल. दुपारी १२.१०

मशीन बंद पडलं. बॅटरी नवी आहे, तिला सवय नाही.

६ एप्रिल. सायंकाळी ५

काल चाळीस मिनिटं. आज पस्तीस. या वेगानं बारा पडदे दिवाळखोर सरकारच्या पुलासारखे पूर्ण होतील. कारणं शोधली:

बॅटरी सुस्त. पॅनेलवर धूळ. सूर्याचं वागणं हल्ली भरवशाचं नाही. शिवाय ही मशीन फार जोरात दाबते. तिला तसं सांगितलं. तिनं दोरा तोडून सुई माझ्याकडे रोखून धरली आणि म्हणाली, तुम्ही या बसा, हलकं दाबा.

विषय वाढवला नाही. संकल्प क्रमांक दोन.

जावई गच्चीवर जाऊन आले. जिन्यातूनच हसत उतरले. म्हणाले, बाबा, पॅनेल लावलंय की फळा? वर्ग भरवायचाय का वर?

मी म्हटलं, टिल्ट मोजून घ्या. पंधरा आहे. तुमचाच आकडा.

त्यांनी पुन्हा वर जाऊन माझा टिल्टमीटर लावून पाहिला. काटा पंधरावर. डोकं खाजवलं. म्हणाले, हो, पंधराच दिसतोय खरा, पण... आणि पुढचं वाक्य सोबत आलेल्या बायकोकडे पाहून गिळलं. माझी लेक आहे, घाबरतात.

पुराव्यापुढे भूगोल गप्प!

८ एप्रिल. सकाळी १०

समोरच्या घरातले हेडक्लार्क (निवृत्त, पण कुरकुर अजून नोकरीत) रस्त्यावरूनच ओरडले. म्हणे, साहेब, तुमच्या गच्चीवरच्या काचेचा झोत रोज नऊच्या सुमारास थेट माझ्या पेपरवर येतो. डोळ्यांसमोर काजवे चमकतात. काल मी कपाऐवजी चष्मा धुवायच्या पाण्यात चहा ओतला.

मी वर जाऊन पाहिलं. खरंच, त्यांच्या खिडकीत लखलखाट. मनात म्हटलं, वा! म्हणजे पॅनेल ऊन भरभरून घेतंय. इतकं, की त्याला पुरून उरतंय आणि शेजाऱ्यालाही मिळतंय.

असं त्यांना सांगितलं. ते पेपर काखेत मारून घरी निघून गेले. अडाणी माणसाला विज्ञान ऐकवलं की असंच होतं.

९ एप्रिल

हेडक्लार्कनी हिला खिडकीला जाड पडद्याची ऑर्डर दिली. म्हणजे माझ्या पॅनेलमुळे हिचा धंदा वाढला. याची कुठं नोंद नाही, म्हणून इथं करतो.

(हिनं तो पडदा घ्यायला नकार दिला. म्हणे, आधीचेच बारा होईनात.)

११ एप्रिल. सकाळी ९.४५

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. एक पोरगी बोलली. आवाजात इतका गोडवा, की तिथेच शंका आली. तिनं विचारलं, सर, पॅनेलचं तोंड कुठं? म्हटलं, दक्षिणेला. सावली? नाही. टिल्ट किती, सर? म्हटलं, पंधरा, पितळी डबीतल्या टिल्टमीटरवर. म्हणाली, सर, मग एकदम परफेक्ट आहे.

परफेक्ट! हा शब्द मी जावयांना फोन करून कळवला. हेडक्लार्कना खिडकीतून कळवला. हिलाही कळवला. ही म्हणाली, परफेक्टला सांगा तिसरा पडदा शिवून दे.

१४ एप्रिल. दुपारी ४

अकरा दिवस राहिले, पडदे झालेत तीन. आज मशीन पंचवीस मिनिटं चाललं. सूर्य दिवसेंदिवस वर चढतोय, ऊन टाळू भाजून काढतंय आणि बॅटरी दिवसेंदिवस कमी भरतेय. याचा अर्थ एकच: पॅनेलला ऊन जास्त होतंय. ते तापून थकतं. यावर एक लेख लिहायचा विचार आहे.

तोवर उपाय: पॅनेलवर पाणी शिंपडणे, तासाला एक बादली. आठ बादल्या नेल्या. परिणाम: गच्ची स्वच्छ.

ही खोलीत बसून पडद्याचा काठ हातानं टाचत होती. बोटाला कापडाची पट्टी बांधलेली. विचारलं तर म्हणाली, काही नाही, सुई लागली. कपाट उघडं होतं. ते लेटरहेडवालं पत्र दिसलं. तिनं माझ्यासमोर कपाट पायानं बंद केलं. ऑपरेशन झालेल्या पायानं. मग स्वतःच गुडघा दाबत बसली.

मला वाईट वाटलं. सूर्याचा राग आला.

१६ एप्रिल. दुपारी ३.१५

(झोप अपरिहार्य होती. आठ बादल्या.)

झोपेत वर काहीतरी खडखडलं. कोणी काहीतरी ओढल्यासारखं. मग कोणीतरी हळू आवाजात धरा, धरा म्हणाल्यासारखंही वाटलं. मांजरं असणार. या आळीतली मांजरं माणसांपेक्षा जास्त बोलतात.

जाग आली तेव्हा ही जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. घामाघूम. म्हटलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, वारा खात होते. जिन्यात कुठला वारा! बायकांचं गणित.

१७ एप्रिल. सायंकाळी ६

चमत्कार नव्हे, विज्ञान! मशीन सकाळी साडेनऊला सुरू झालं ते पाचपर्यंत थांबलंच नाही. बॅटरी फुल. दोन पडदे एका दिवसात! घुर्रघुर्र आवाजानं घर गात होतं. (मी कवी नाही, पण लिहिलं गेलं.)

म्हणजे पॅनेलला मुरायला तेरा दिवस लागले. लोणच्याला नाही का लागत? लोकांना धीर नसतो. जावयांना फोन करून विचारलं, काय, फळ्यावर आज काय लिहिलंय? ते म्हणाले, अभिनंदन बाबा. नरमाईनं म्हणाले. मागे लेक हसत होती. बापाच्या यशानं पोरींना हसू येतंच.

१८ एप्रिल

आणखी दोन. एकूण सात.

समोरच्यांच्या खिडकीत झोत दिसला नाही. विचारलं तर हेडक्लार्क म्हणाले, हल्ली बरं आहे साहेब, पेपर वाचता येतो. म्हटलं, म्हणजे आता सगळं ऊन मी आत घेतो, तुम्हाला उरत नाही. ते म्हणाले, जाऊ दे साहेब, मी कुणाजवळ बोलणार नाही. कशाबद्दल, कोण जाणे. वयानं भरकटतात.

गच्चीवर गेलो नाही. ज्याचं काम चोख असतं तो पुन्हा पुन्हा बघायला जात नाही.

२१ एप्रिल. सकाळी ७

काल सुट्टी, तरी ही बसली. अकरा झाले. एकच राहिला. मशीनवर वाकून गुणगुणत होती. जेवताना म्हणाली, तुमच्या पॅनेलनं लाज राखली हो.

तुमच्या पॅनेलनं! हा शब्द अधोरेखित करतो.

आता बारावा. मधला, सगळ्यात मोठा. त्याच्या काठाला ती वेगळी पट्टी लावणार आहे, म्हणून शेवटी ठेवलाय. कापायला, टाचायला दोन दिवस. मग एक दिवस मशीनवर.

२३ एप्रिल. दुपारी १

घात! घातपात!

जुन्या टॉवरवाल्या मित्रांच्या ग्रुपवर पॅनेलचा फोटो टाकावा म्हणून आठवड्याभरानं गच्चीवर गेलो. पाहतो तर पॅनेल आडवं पाडलेलं! जवळजवळ झोपलेलं. माझे लांब पाय काढून कठड्याला टेकवून ठेवलेत, आणि त्याजागी कंपनीचे ते स्टुलाचे बुटके पाय. माळ्यावरून कोणीतरी आणलेत.

टिल्टमीटर लावला: पंच्याहत्तर. पंच्याहत्तर! अशी अँटेना लावली असती तर आकाशातल्या घारी फोनवर बोलल्या असत्या.

कोणी केलं हे उघड आहे. झोत कुणाच्या डोळ्यात जात होता? कुणाला पेपर वाचायचा होता? कोण म्हणालं, कुणाजवळ बोलणार नाही? जीभ घसरली की हेडक्लार्क असा पकडला जातो. हे काल संध्याकाळीच केलेलं असणार, नाहीतर मशीन इतके दिवस चाललंच नसतं. केवढं सरळ अनुमान!

हिला सांगितलं नाही. आधीच शेवटच्या पडद्याच्या काळजीत आहे. गुपचूप सगळं पूर्ववत केलं. लांब पाय, पिना, नट. टिल्ट पंधरा. नट इतके आवळले, की हेडक्लार्कच्या सात पिढ्यांना सुटणार नाहीत.

आज बायकोची ऑर्डर मी वाचवली. तिला कधी कळणारही नाही.

२४ एप्रिल. सकाळी १०.५०

मशीन बंद.

रात्री खालचा पंखा बॅटरीवर चालू राहिला, हे खरं. (मीच लावला होता. विजयाच्या भरात.) सकाळी ऊन चढेल आणि भरेल म्हटलं. ऊन चढलं. बॅटरी भरली नाही. ही तीनदा बटण दाबून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, तुम्ही वर गेला होता का?

मी म्हटलं, मी? नाही. म्हणजे, गेलो होतो. दुरुस्त करायला.

ती खुर्चीत बसली. तिचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. म्हणाली, उद्या सकाळी टेम्पो येणार आहे हो.

हेडक्लार्कनी रात्री पुन्हा काही केलं असणार. रंगेहाथ पकडायला वर चाललोय.

२४ एप्रिल. सकाळी ११.३०

कोणी काही केलेलं नाही. नट माझेच, घट्ट.

पण कठड्याच्या आतल्या बाजूला, जिथं माझे लांब पाय टेकवले होते, तिथं काल मी घाईत पाहिलं नाही असं काहीतरी होतं. निळ्या खडूनं काढलेला एक त्रिकोण. शिंप्याचा चपटा खडू. खालची रेघ आडवी, सरळ, पट्टी धरून काढलेली. त्या रेघेवरून वर जाणारी दुसरी, जरासं तोंड उघडल्यासारखी. मध्ये १५. आणि आडव्या रेघेकडे एक बाण, त्याच्यापुढे लिहिलेलं: इथून.

अक्षर हिचं. मापं लिहिताना हिचा पाच असाच पोट सुटलेला येतो.

खाली एक काळी मखमलीची चिंधी पडली होती. पायांना बांधली असणार, घसरू नयेत म्हणून. काल मीच कापून फेकली.

बावीस पायऱ्या आहेत गच्चीला. मोजल्या. परत मोजल्या.

टिल्टमीटर हातात होता. उभं धरलं: शून्य. आडवं धरलं: नव्वद. त्याची काही चूक नाही. तो एकतीस वर्षं बरोबरच होता. नव्वदातून पंधरा गेले की पंच्याहत्तर, हे तिसरीतल्या पोराला येतं.

२४ एप्रिल. दुपारी २

नट सुटेनात. हेडक्लार्कना हाक मारली. आले, चपला न घालता. थेट पान्याला झोंबले. बुटके पाय लावले, पॅनेल पाडलं. काट्यावर पंच्याहत्तर. मान्य.

तेवढ्यात आभाळ भरून आलं. एप्रिलमधला एकमेव ढग. आला तो बसलाच.

हेडक्लार्क म्हणाले, वहिनी त्या दिवशी एकेक पायरीला थांबत वर आल्या होत्या. मी म्हटलं, साहेबांना सांगा ना सरळ. तर म्हणाल्या, पहिल्या दिवशी विचारलं होतं मी. आता काम झाल्यावर सांगेन, तोवर खूश राहू देत.

मी पाना पुसत होतो. फार वेळ पुसत होतो.

खाली आलो. म्हटलं, बॅटरीला आज वेळ लागेल. ही म्हणाली, कळलं. मग पडद्याचं एक टोक माझ्या मांडीवर टाकलं. म्हणाली, खिडकीपाशी बसा. धरा. ताणू नका, सोडूही नका. मी हातानं घालते टाके.

धरलं. साडेसहापर्यंत. चार मीटरचा वरचा काठ, चार मीटरचा खालचा. मध्ये एकदा मान लवंडली, तेव्हा ती म्हणाली, अहो, झोपायचं नाही हां. संकल्प होता ना तुमचा?

वही वाचते की काय?

२६ एप्रिल. सायंकाळी ७

उद्घाटन झालं. मुख्याध्यापकांनी हिचं नाव माइकवरून घेतलं. ही उठलीच नाही, म्हणून लेकीनं दंडाला धरून उठवली. टाळ्या. हेडक्लार्कनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

बारा पडदे. अकरा खालून एका दोरीत. मधला, बारावा, एका कोपऱ्यात दोन बोटं वर. जिथं माझी मान लवंडली तिथं.

जावई कानाशी आले. म्हणाले, बाबा, मधला जरा टिल्ट झालाय. चष्मा काढून पुसत हसले. भूगोलाची माणसं तशी वाईट नसतात.

परत येताना ही हळू चालत होती, गुडघ्यामुळे. मीही हळू. कोपऱ्यावर थांबून म्हणाली, काय हो, किती अंश असेल?

मी म्हटलं, कुठून मोजायचं ते आधी सांग.